शिट्टीबद्दल मालनबाई काय म्हणाल्या

आठ दिवस झाले, मालनबाईंच्या घरात डाळ नीट शिजत नव्हती. गॅस पेटत होता, कुकर चढत होता, वाफ स्वयंपाकघरभर फिरत होती. पण शिट्टी काही होत नव्हती. आणि शिट्ट्या मोजूनच पस्तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या मालनबाईंना शिट्टीशिवाय अंदाज येईना. एक दिवस डाळ कच्ची, तर दुसऱ्या दिवशी करपलेली. आठव्या दिवशी बन्सीअण्णांनी ताटातला एक दाणा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"ही डाळ हाय का रस्त्यावरची खडी?"

"मी काय करू? शिट्टी वाजत न्हाई."

"मग दे फेकून. नवी घे."

"जुनी वस्तू टाकवत न्हाई मला. नेवाशाला दाखवू, झाली नीट तर झाली."

असं ठरून बाजाराच्या दिवशी दोघं मोटरसायकलवर नेवाशाला निघाले. कुकर पिशवीत घालून अण्णांनी स्वतः हँडलला अडकवला. वाटेत त्यांना बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते आठवेना. आदल्या दिवशी ते उसाला पाणी देत असताना धाकट्या भावाचा, सूर्यभानचा, फोन आला होता. सूर्यभान बोरखेडीच्या सरपंचपदाला उभा होता आणि त्याला काल दुपारी निवडणुकीचं चिन्ह मिळालं होतं. ते चिन्ह होतं शिट्टी. समोरच्या गोरक्षनाथला मिळाली होती कपबशी. अण्णांनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला, तेवढ्यात बांध फुटला, आणि ही बातमी घरी सांगायची राहून गेली ती राहूनच गेली.

बाजारात अण्णा मोटरसायकल लावून तिच्यावरच बसून राहिले. मालनबाई कुकरची पिशवी घेऊन गॅस-मिक्सर दुरुस्तीच्या गाळ्यासमोर उभ्या राहिल्या. गाळेवाला जेवायला गेला होता. तेवढ्यात एक तरुण त्यांच्यासमोर आला. पायात चकचकीत बूट, हातात लाल बोंडाचा माइक, मागे मोबाईल धरलेला एक जण. हा अवधूत. 'प्रवराकाठ दणका' नावाचं यूट्यूब चॅनेल तो चालवायचा आणि सध्या तालुक्यातल्या गावोगावच्या निवडणुकांची हवा मोजत फिरायचा.

"मावशी, गाव कोणतं?"

"बोरखेडी."

"वा! मग शिट्टीचं काय म्हणणं?"

मालनबाईंना कौतुक वाटलं. पिशवीतून कुकरचा नुसता दांडा बाहेर दिसत होता, पण पोराने रोग बरोबर ओळखला. दुकानात नवीन ठेवलेला मेकॅनिक दिसतो.

"शिट्टीचं काय सांगू बाबा! वाजतच न्हाई. आठ दिस वाट पाह्यली. आता वाजंल, मग वाजंल. नुसती फुसफुस. वाफ लई, आवाज न्हाई!"

अवधूतचे डोळे चमकले. "म्हणजे बदल हवा?"

"बदलायलाच पायजे. आमच्या मालकांनीबी सांगितलं, फेकून दे म्हनून."

"मालकांचंही हेच मत?"

"त्येंचं तर पोट बिघडलं ना त्या शिट्टीपायी!"

"आणि कपबशीबद्दल काय वाटतं?"

हा एवढ्या चौकशा का करतोय ते मालनबाईंना कळेना. पण माणूस गोड बोलत होता. "कपबशी चांगलीच की. पाव्हनेरावळे आले का तीच कामाला येती."

"धन्यवाद मावशी!" म्हणून तो गेला, कुकरला हातही न लावता. मग खरा गाळेवाला आला, त्याने नवी शिट्टी बसवून दिली आणि दोघं घरी परतले. त्या दुपारी कित्येक दिवसांनी डाळ मऊ शिजली. अण्णा दोनदा वाढून घेऊन जेवले.

जेवणं उरकतायत तोच सून अश्विनी मोबाईल घेऊन धावत आली. "आई! हे काय बोलून आलात तुम्ही?"

मोबाईलवर मालनबाई होत्या. कुकरची पिशवी चौकटीच्या खाली राहिली होती; दिसत होता तो फक्त त्यांचा तावातावाने बोलणारा चेहरा. वर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'वाफ लई, आवाज न्हाई! बोरखेडीच्या मावशीचा शिट्टीवर घणाघात!' मागे ढोल वाजत होते.

"मी चांगली दिसतीय की," मालनबाई म्हणाल्या.

"आई, शिट्टी काकांचं चिन्ह आहे!"

मालनबाईंनी हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बन्सीअण्णांच्या चेहऱ्यावर, दोन दिवस शोधत असलेली गोष्ट सापडल्याचं समाधान होतं. "व्हय! त्येच सांगायचं हुतं तुला."

दारात मोटरसायकल थांबायला वेळ लागला नाही. पुढे सूर्यभान, मागे त्याची बायको छबूबाई. छबूबाई उंबऱ्याच्या आत आल्या त्या रडतच.

"बाई, आमचं काय चुकलं आसंल त्ये घरात बसून सांगायचं हुतं. भर बाजारात आमची वाफ काढली!"

"अगं छबू, मी कुकरचं बोलत हुते." मालनबाईंनी कुकर आणून पुढे ठेवला. "ही बघ नवी शिट्टी. आन् ही जुनी."

सूर्यभानने दोन्ही शिट्ट्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. तो वाईट माणूस नव्हता. वहिनीने त्याला लहानपणापासून जेवू घातलं होतं. "माझा इस्वास हाय, वैनी. पन गाव काय कुकर बघाया येनार हाय का? गाव मोबाईल बघतंय. गोरक्षनाथच्या मानसांनी तासाभरात समद्या ग्रुपवर टाकलंय. आन् त्यात आता वर काय लिव्हलंय बघा."

अश्विनीने वाचून दाखवलं. कुणीतरी मावशीला ओळखलं होतं. नवा मथळा होता: 'सूर्यभानला घरचा आहेर! सख्खी भावजय म्हणते, बदल हवाच! थोरल्या भावाचंही पोट बिघडलं!'

खुलासा करायचा ठरलं. सूर्यभानने अवधूतला फोन करून घरीच बोलावून घेतलं. अश्विनीने कागदावर चार वाक्यं लिहून सासूकडून पाठ करून घेतली. मालनबाईंनी नवं लुगडं नेसून, कुकर मांडीवर घेऊन, अंगणात बसून अर्धा तास मुलाखत दिली. दीर किती कष्टाळू, त्याने गावात पाण्याची टाकी कशी आणली, अडल्यानडल्याला रात्रीबेरात्री कसा उठून जातो, सगळं सांगितलं. घोटाळा कुकरच्या शिट्टीचा होता, हेही तीनदा सांगितलं. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. जाताना अवधूतने चहा घेतला आणि "मावशी, तुम्ही नॅचरल आहात" असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत आली. अर्ध्या तासाची नव्हे, बारा सेकंदांची. त्यात मालनबाई म्हणत होत्या, "नवी आनली तर तीबी तसलीच. दोन दोन मिन्टाला वाजती, कान किटले माझे!" वर मथळा: 'शिट्टीने कान किटले! भावजयीचा दुसरा हल्ला!'

आता मालनबाई स्वतः फोनवर आल्या. "आरं बाबा, बाकीचं कुठं गेलं? टाकी? अडलंनडलं?"

"मावशी, पूर्ण मुलाखत पण टाकलीय ना," अवधूत अगदी आदराने म्हणाला. "ती एकतीस जणांनी पाहिली. हा तुकडा अठरा हजारांनी. लोकांना जे पाहिजे ते लोक बघतात, मी काय करणार?"

त्या एकतीस जणांत नऊ वेळा तर अश्विनीनेच पाहिली होती.

गावात मात्र मालनबाईंचं वजन वाढलं. पिठाच्या गिरणीत त्या डबा घेऊन गेल्या की बायका सरकून जागा द्यायच्या. आजवर त्यांना कुणी काही विचारलं असेल तर लोणच्यात मीठ किती आणि गाभण शेळीला काय घालायचं एवढंच. आता लांबच्या वस्तीवरच्या बायकासुद्धा कानाशी येऊन विचारायच्या, "बाई, खरं सांगा, कुनाला द्यायचं?"

"शिट्टीलाच द्या गं. आमच्या भावजींला."

"आसं म्हनावंच लागतंय घरच्यापायी," त्या समजूतदारपणे मान हलवत. "पन तुमच्या पोटातलं आमी मोबाईलवर ऐकलंय."

यातली एक जण तर सूर्यभानच्या भिंतीला भिंत लागून राहत होती. तिच्या घरचा नळ सूर्यभानने स्वतः उभं राहून जोडून दिला होता. पण ती म्हणे, शेजारी राहून माणूस कळत नाही, ते टीव्ही-मोबाईलवाल्यांना बरोबर कळतं.

मालनबाई चिडत होत्या, पण आत कुठेतरी त्यांना बरंही वाटत होतं आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटत होती. बन्सीअण्णांना तर कसलीच लाज नव्हती. बाजेवर पडून ते अश्विनीचा जुना मोबाईल पोटावर ठेवत आणि पहिला तुकडा पुन्हा पुन्हा लावत.

"काय बोललीस गं! येका दमात!"

"अवं, पुरं करा. त्ये कुकरचं हाय, ठावं हाय ना तुमाला?"

"ठावं हाय, ठावं हाय," असं म्हणत ते पुन्हा लावत.

प्रचाराचे चार दिवस उरले असताना गोरक्षनाथने मालनबाईंच्या घरी एक खोका पाठवला. आत सहा कपबशा होत्या, फुलाफुलांच्या, आणि वर चिठ्ठी: 'परखड बोलणाऱ्या मावशींना मानाची भेट.' मालनबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "मला विकत घेतो का काय मेला!" त्यांनी खोका उचलला आणि तशाच भर उन्हात गोरक्षनाथच्या वाड्याच्या दिशेने चालू लागल्या. चालताना खोक्याचं बूड सुटलं, तेव्हा त्यांनी कपबशा पदरात घेतल्या. दोन मात्र पदरात मावेनात, त्या दोन्ही हातांत धरल्या.

दोन हातांत दोन कपबशा धरून, ताठ मानेने गावाच्या मधोमध चाललेल्या मालनबाईंचा फोटो मारुतीच्या पारावरून निघाला. कपबशा परत करून त्या घरी पोचायच्या आत फोटो घरी पोचला होता. 'भावजय उतरली मैदानात! कपबशी हाती!'

या वेळी छबूबाई रडत आल्या नाहीत. आल्याच नाहीत. हे मालनबाईंना जास्त लागलं. पंचवीस वर्षं दोघी जावा एका विहिरीवर पाणी भरत आल्या होत्या, एकमेकींची बाळंतपणं केली होती. आता छबूबाई समोरून आल्या तरी डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून जात.

"आता बोलायचंच न्हाई," मालनबाईंनी जाहीर केलं. "आजपास्नं माझं तोंड बंद. देवाशप्पत."

अवधूत पुन्हा आला तेव्हा त्या गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होत्या. त्याने माइक पुढे केला. मालनबाईंनी मान हलवली, डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला आणि निघून गेल्या. संध्याकाळी चॅनेलवर चर्चा होती: 'मावशींचं मौन: फटका कोणाला?' श्रीरामपूरचे शामकांत सर, निवृत्त प्राध्यापक आणि राजकीय विश्लेषक, खास बोलावले होते.

"हे मौन साधं नाही," शामकांत सर चष्मा पुसत म्हणाले. "त्यांनी पदर उजव्या नव्हे, डाव्या हाताने ओढला, हे लक्षात घ्या. ग्रामीण स्त्रीच्या देहबोलीत याला अर्थ असतो. प्रस्थापित नेतृत्वाला दिलेला हा स्पष्ट नकार आहे."

"उजव्या हातात शेन हुतं," मालनबाई मोबाईलला म्हणाल्या.

"सर बोलतायत, जरा ऐकू दे," बन्सीअण्णा म्हणाले.

मतदानाच्या दिवशी मालनबाई सकाळी सातलाच शाळेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आत गेल्यावर त्यांनी यंत्रासमोर हात जोडले, शिट्टीच्या चित्राशेजारचं बटण दाबलं आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत बोट काढलं नाही. बाहेर येताना त्यांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. एवढं एक काम कुणी मधे न कापता पुरं झालं होतं.

मतमोजणी नेवाशाला होती. सगळं घर गेलं. छबूबाई वेगळ्या जीपमधून आल्या आणि वेगळ्या झाडाखाली बसल्या. अकराच्या सुमाराला आतून बातमी आली आणि बाहेरच्या गर्दीचा आवाजच बसला. शिट्टीला पाचशे त्रेचाळीस. कपबशीला पाचशे त्रेचाळीस.

पुन्हा मोजणी झाली. तेवढीच. मग अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला की मतं समसमान पडली तर चिठ्ठी काढायची. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या पडल्या. साहेबांनी डोळे मिटले, डब्यात हात घालून बराच वेळ ढवळलं आणि एक चिठ्ठी वर काढली.

"सूर्यभान!"

गुलाल उधळला, हलगी कडाडली. लोकांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं. बन्सीअण्णा त्या गर्दीत दोन्ही हात वर करून नाचत होते, पण मालनबाईंच्या लक्षात आलं की त्यांचे पाय हलगीच्या मागे पडतायत आणि ते सारखे इकडेतिकडे बघतायत. अवधूत कॅमेऱ्यासमोर उभा राहून ओरडत होता, "आम्ही सुरुवातीपासूनच सांगत होतो, लढत अटीतटीची आहे!"

खांद्यावरून उतरल्यावर सूर्यभान थेट वहिनीकडे आला. पाया पडला. पण उठताना त्याचा चेहरा पडलेलाच होता.

"वैनी, रागावू नका. पन येक मत इकडं आलं आसतं तर चिठ्ठीची पाळी आली नसती. जीव गळ्याशी आला हुता माझा. म्या घरोघरची मतं मोजली हायेत. कुठंतरी आपल्याच घरातलं येक मत गेलंय."

छबूबाई मागे उभ्या होत्या. त्या नुसतं मालनबाईंच्या शाई लावलेल्या बोटाकडे बघत राहिल्या. मागची पाच-सहा माणसंही तिकडेच बघत होती.

"भावजी, पोराबाळांच्या गळ्याची शपथ. मी शिट्टीलाच दिलं. बटन सोडलं न्हाई मी, आतल्या मॅडमला इचारा."

"बरं, बरं. झालं गेलं," सूर्यभान म्हणाला. आणि त्या 'झालं गेलं'मध्येच मालनबाईंना कळलं की आता जन्मभर गळ्याची शपथ घेतली तरी हे मत त्यांच्याच नावावर राहणार.

भर दुपारी दोघं मोटरसायकलवरून गावाकडे निघाले. मालनबाईंचे डोळे वाऱ्याने पाणावले होते की कशाने, ते त्यांनाच ठाऊक. कालव्याच्या पुलावर आल्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि पुलाच्या कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. कानात, भुवयांत अजून गुलाल होता.

"मालन. त्ये येक मत."

"माझं न्हाई वो त्ये! तुमीबी आता..."

"तुझं न्हाईच. माझं हाय. म्या कपबशीला दिलं."

मालनबाई गाडीवरून खाली उतरल्या. खालून कालव्याचं पाणी वाहत होतं.

"सख्ख्या भावाला सोडून? का वो? काय वाकडं केलं हुतं त्येनं तुमचं?"

"काय न्हाई. लई गुनी हाय सूर्या."

"मग?"

"आता तूच सांगितलं की. मोबाईलवर." अण्णांनी मान खाली घातली. "म्या रोज बघत हुतो. आधी वाटायचं, हे काय खरं न्हाई. मग वाटाया लागलं, मालन येवढी बोलतीय म्हंजी कायतरी आसंल. त्या सरांनीबी तसंच सांगितलं. आत गेलो आन् बोट कपबशीवरच गेलं."

"अवं, पन तुमी हुतात की तिथं! गाडीवर बसून समदं बघत हुतात! आन् मी घरी रोज घसा फोडून सांगत हुते, त्यो कुकर हाय, त्यो कुकर हाय. कितींदा सांगितलं?"

"सांगत हुतीस. लई येळा सांगितलं."

"मग त्यातलं काहीच ऐकलं न्हाई तुमी?"

बन्सीअण्णांनी थोडा विचार केला. बायकोची फसवणूक करायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं.

"ऐकलं की. पन त्ये तू घरात सांगत हुतीस. दुसरं बातम्यांत आलं हुतं."